परिवेश पोर्टल : फाइल धावते, मोजमाप मात्र पीडीएफमध्येच राहतं

पर्यावरण मंजुरीचा अर्ज आज कोणाच्या टेबलावर आहे आणि तिथे किती दिवस पडून आहे, हे कोणालाही घरबसल्या कळतं. ही परिवेशची सर्वांत मोठी कमाई आहे आणि तिला कमी लेखू नये. १० ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झालेलं केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचं हे पोर्टल राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने उभं केलं. पर्यावरण, वन, वन्यजीव आणि सागरी किनारा नियमन क्षेत्र या चारही मंजुऱ्या त्याने एका खिडकीत आणल्या. दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे परिवेश २.० मध्ये, नकाशावर आधारित तपासणीची भर पडली.

पण १४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए, म्हणजे पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या, अधिसूचनेचा गाभा आहे तो मूल्यांकनाचा: हवा, पाणी, माती, जीवसृष्टी मोजायची, परिणामाचा अंदाज बांधायचा, लोकांचं ऐकायचं आणि मग निर्णय घ्यायचा. या भागात परिवेशने फारसा बदल केलेला नाही. अर्जाची ये-जा डिजिटल झाली, आशय तसाच राहिला. आमचं मत विचाराल तर अर्जाचा मागोवा घेण्यासाठी पाचपैकी चार गुण, नकाशासाठी तीन आणि मूल्यांकनासाठी जेमतेम दीड.

अर्ज भरताना

सुरुवात ‘नो युअर अप्रूव्हल’ (Know Your Approval) या सोयीपासून करावी. प्रकल्पाचा प्रकार, क्षमता आणि जागा दिली की कोणकोणत्या मंजुऱ्या लागू शकतात हे ती सांगते. हे उत्तर इशारा म्हणून घ्यावं, निकाल म्हणून नाही, कारण ते तुम्ही भरलेल्या आकड्यांवरच उभं असतं. बांधकाम प्रकल्पांत इथेच सर्वांत जास्त गफलत होते. अधिसूचनेतल्या ८(अ) नोंदीची मर्यादा २०,००० चौरस मीटरपासून सुरू होते आणि १,५०,००० च्या पुढे ८(ब) लागते. हे क्षेत्र म्हणजे तळघर आणि सेवाक्षेत्रासह सगळ्या मजल्यांचं एकूण बांधकाम. वास्तुविशारदाकडून येणारा आकडा मात्र बहुतेक वेळा चटईक्षेत्राचा असतो आणि त्यात पार्किंग, तळघर धरलेलं नसतं. चटईक्षेत्र १७,००० दिसणारा प्रकल्प प्रत्यक्षात २०,००० ची रेघ आरामात ओलांडतो. काम सुरू झाल्यावर हे उघड झालं की प्रकरण उल्लंघनाच्या वाटेला लागतं.

पुढचा टप्पा सामाईक अर्जाचा, सगळे ज्याला सीएएफ म्हणतात त्याचा. संस्था, जागा, क्षेत्रफळ, खर्च आणि सीमेची केएमएल फाइल (कोपऱ्यांच्या अक्षांश-रेखांशांवरून नकाशावर सीमा दाखवणारी) एकदाच भरायची आणि मग प्रत्येक मंजुरीचा स्वतंत्र फॉर्म भागवार भरायचा. एकदा भरलेली माहिती चारही ठिकाणी वापरली जाते हा मोठा फायदा आहे, पण सीएएफमधली चूकही तशीच चारही ठिकाणी जाते. सातबाऱ्यावर ४ हेक्टर २० आर, अर्जात ४.२ हेक्टर आणि केएमएलच्या बहुभुजाचं क्षेत्र ४.४ हेक्टर भरलं, तर ‘ईडीएस’ म्हणजे आवश्यक तपशिलाची मागणी आलीच म्हणून समजा. यावर उपाय एकच : सीमा उपग्रहचित्रावर अंदाजाने काढायची नाही. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या, मोजणी नकाशाच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश घ्या आणि केएमएल त्यावरूनच बनवा.

केएमएल : जिथे बहुतेक अर्ज अडखळतात

ही फाइल छोटी असते, पण परिवेश २.० ची सगळी नकाशा-तपासणी तिच्यावरच चालते, म्हणून इथे थोडं थांबायला हवं.

पहिली चूक अंश-मिनिट-सेकंद आणि दशांश यांच्या घोळाची. १८° ३०′ ३०″ म्हणजे दशांशात १८.५०८३३. घाईत कोणी ते १८.३०३० असं लिहिलं, तर जागा साधारण २३ किलोमीटर दक्षिणेला सरकते. दुसरी चूक क्रमाची. बोलताना आपण अक्षांश आधी सांगतो, पण केएमएलमध्ये रेखांश आधी येतो. क्रम उलटला की पुण्याजवळचा प्रकल्प नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतो. एवढी मोठी चूक निदान लगेच दिसते. खरा त्रास लहान चुकांचा असतो.

त्या लहान चुकांत सर्वांत फसवी आहे ती जुन्या टोपोशीटची, म्हणजे छापील भूपटाची. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशांना एव्हरेस्ट गोलाभाचा, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापाचा, आधार आहे, तर जीपीएस आणि पोर्टलचा नकाशा डब्ल्यूजीएस ८४ या नव्या मापावर चालतो. जुन्या नकाशावरचे आकडे रूपांतर न करता तसेच उचलले, तर आपल्या भागात जागा शंभर मीटरहून जास्त सरकते. नदीकाठच्या किंवा वनहद्दीला लागून असलेल्या गटासाठी शंभर मीटर म्हणजे आत की बाहेर, हा फरक असतो. अक्षांशाचा एक सेकंद सुमारे ३१ मीटरचा, म्हणून सेकंदाचे निदान दोन दशांश लिहावेत. बहुभुज बंद करायचा, म्हणजे पहिला आणि शेवटचा बिंदू तोच ठेवायचा. रस्ता किंवा वाहिनी असेल तर नुसती रेघ न देता जमिनीच्या खऱ्या रुंदीचा पट्टा काढायचा. फाइल चढवण्याआधी ती दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या माणसाकडून नकाशावर उघडून बघावी.

वनजमिनीच्या प्रस्तावात वळवायच्या जमिनीची आणि पर्यायी वनीकरणाच्या जमिनीची, अशा दोन सीमा द्याव्या लागतात. पहिलीवर सगळे मेहनत घेतात, दुसरी मात्र घाईत काढली जाते. मग ती आधीच दुसऱ्या प्रकल्पाला दिलेल्या किंवा मुळातच वन म्हणून नोंदलेल्या जमिनीवर चढलेली निघते.

नकाशा काय सांगतो, काय सांगत नाही

सीमा चढली की निर्णय-साहाय्य प्रणाली संरक्षित क्षेत्रं, वनं, किनारपट्टी यांच्या थरांशी तिची तुलना करते आणि अंतरं काढते. हे खरोखर उपयोगाचं आहे. संरक्षित क्षेत्राच्या किंवा राज्याच्या सीमेच्या ५ किलोमीटरच्या आत असलेला ‘ब’ गटातला, म्हणजे एरवी राज्याकडे जाणारा, प्रकल्प अधिसूचनेच्या सर्वसाधारण अटीनुसार केंद्राकडे ‘अ’ गट म्हणून जाऊ शकतो. पूर्वी हे अंतर प्रकल्पकर्ता सांगेल ते असायचं. आता ते नकाशावरून निघतं आणि लपवणं अवघड झालंय.

पण थर जितका खरा, तितकंच उत्तर खरं. भारतीय वन सर्वेक्षणाच्या वनाच्छादनाच्या व्याख्येत एक हेक्टर किंवा त्याहून मोठी आणि दहा टक्क्यांहून जास्त झाडोरा असलेली कोणतीही जमीन येते, मग मालकी कोणाचीही असो. त्यामुळे रत्नागिरी-सिंधुदुर्गातली आंबा-काजूची दाट बाग उपग्रहाला वनाच्छादन दिसते. उलट विदर्भातलं झुडपी जंगल किंवा १९७५ च्या कायद्याखाली संपादित झालेलं खाजगी वन कायद्याने वन असूनही चित्रात मोकळं माळरान दिसू शकतं. सोलापूरकडच्या गवताळ माळांचंही तेच. तिथे झाडं नाहीत, पण तो माळढोकचा अधिवास आहे. म्हणून नकाशाने ‘वन नाही’ म्हटलं तरी सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना, फेरफार आणि उपवनसंरक्षकांचं पत्र पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. नकाशावरचं उत्तर अंतिम मानणाऱ्या अर्जदाराला आणि अधिकाऱ्याला, दोघांनाही ते पुढे महागात पडतं.

‘एकखिडकी’ म्हणजे सगळंच तिथे होतं, असंही नाही. जल आणि वायू कायद्यांखाली प्रकल्प चालवण्याची संमती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडूनच घ्यावी लागते आणि तिचा अर्ज वेगळा. राज्य पातळीवर मंजुरी देणाऱ्या राज्य प्राधिकरणाची मुदत तीन वर्षांची असते. ती संपून नवं नेमलं गेलं नाही, तर पोर्टल कितीही चांगलं असलं तरी फाइल हलत नाही.

दिवस मोजण्याचा हिशेब

अंतिम ईआयए अहवाल आल्यावर तज्ज्ञ समितीने ६० दिवसांत छाननी करायची आणि त्यापुढच्या ४५ दिवसांत प्राधिकरणाने निर्णय द्यायचा, असं २००६ ची अधिसूचना सांगते. परिवेशवर हे दिवस दिसतात, त्यामुळे दिरंगाईला जागा कमी उरली. तज्ज्ञ समित्यांच्या बैठका २०२० पासून व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर होऊ लागल्या, त्यानेही प्रवास आणि तारखांचा खोळंबा घटला. समितीने मागितलेला तपशील ‘एडीएस’ म्हणून येतो. ईडीएस असो वा एडीएस, मुद्दा क्रमांकानुसार उत्तर द्या, प्रत्येक मुद्द्याचं जोडपत्र वेगळं ठेवा आणि फाइलच्या नावातच मुद्द्याचा क्रमांक टाका. सगळं एकत्र शिवून एकच जाडजूड पीडीएफ चढवली की तपासणाऱ्याला उत्तर सापडत नाही आणि तोच प्रश्न पुन्हा येतो.

मात्र जे मोजता येतं त्यालाच महत्त्व मिळतं, हा धोका इथे खरा ठरला. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रालयाने राज्य प्राधिकरणांना गुण देण्याची पद्धत जाहीर केली. लवकर मंजुरी आणि कमी वेळा तपशील मागणं, याला त्यात जास्त गुण होते. त्यावर बरीच टीका झाली आणि ती योग्यच होती. नदीच्या पूरपातळीबद्दल किंवा राखेच्या बंधाऱ्याबद्दल नेमका प्रश्न विचारणारी समिती आपलं काम चोख करत असते. पोर्टलच्या आकडेवारीत तो विलंब दिसतो म्हणून तो दोष ठरत नाही.

मूल्यांकनाचा गाभा अजून कागदीच

हवेचं उदाहरण घेऊ. प्रमाणित संदर्भ अटींनुसार, म्हणजे टीओआरनुसार, बेसलाइनचं, म्हणजे प्रकल्पाआधीच्या स्थितीचं, मोजमाप पावसाळा सोडून एका हंगामात, आठवड्यातून दोनदा, १२ आठवडे होतं. एका ठिकाणच्या २४ नोंदी. आठ ठिकाणं आणि चार घटक धरले, म्हणजे पीएम १० आणि पीएम २.५ हे सूक्ष्म धूलिकण, सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड, तर ७६८ नोंदी झाल्या. अहवालाच्या तिसऱ्या प्रकरणात त्यातलं काय उरतं? प्रत्येक ठिकाणची किमान, कमाल, सरासरी आणि ९८वा शतमक, म्हणजे ९८ टक्के नोंदी ज्याच्या खाली राहतात तो आकडा. याच संदर्भ अटी सगळ्या मूळ नोंदी जोडपत्रात मागतात, पण त्या येतात प्रयोगशाळेच्या शिक्क्यासह स्कॅन केलेल्या पानांवर. ते आकडे ना गाळता येतात, ना बेरजेला घेता येतात, ना शेजारच्या प्रकल्पाच्या आकड्यांशी ताडून बघता येतात.

तरीही एक तपासणी हाताने करता येते आणि ती प्रत्येकाने करावी. २४ नोंदींचा ९८वा शतमक म्हणजे जवळजवळ सर्वांत मोठी नोंदच. तक्त्यातला शतमक जोडपत्रातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या नोंदीपेक्षाही खाली असेल, तर गणित चुकलंय किंवा आकडे जुळवलेत. पीएम २.५ हा पीएम १० चाच भाग, त्यामुळे तो त्याच दिवशी, त्याच जागी पीएम १० पेक्षा जास्त येऊच शकत नाही. वेगवेगळ्या ठिकाणी २४ दिवस तेच दोन-तीन अंक फिरत असतील तर तेही खटकायला हवं. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार पीएम १० ची २४ तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, पीएम २.५ ची ६०. सगळ्या नोंदी या मर्यादेच्या किंचित खालीच राहत असतील, तर दिवसवार नोंदी नीट पाहाव्यात.

हे आकडे तक्त्याच्या फाइलमध्ये घेतले तर यातल्या बहुतेक तपासण्या यंत्र काही सेकंदांत करेल. प्रत्येक ओळीत ठिकाण, अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, उपकरण, प्रयोगशाळा आणि मूल्य, एवढंच तर हवंय. मग चंद्रपूरसारख्या कोळसा-वीज पट्ट्यात शेजारशेजारच्या खाणींनी त्याच हवेची वेगवेगळी मोजलेली बेसलाइन एकत्र ठेवता येईल आणि सगळ्या प्रकल्पांचा मिळून परिणाम किती, या प्रश्नाला पहिल्यांदा आकड्यांत उत्तर मिळेल. आज प्रत्येक प्रकल्प आपल्या १० किलोमीटरच्या वर्तुळात शून्यापासून सुरुवात करतो आणि मंजुरी मिळाली की ते आकडे पीडीएफमध्ये पडून राहतात. देशात इतकी वर्षं हवा-पाणी मोजलं गेलं, त्यासाठी पैसा खर्च झाला, आणि त्याचा पुन्हा उपयोग होत नाही. या पोर्टलबद्दल सर्वांत जास्त वाईट वाटतं ते याचंच.

मजकुराचंही तसंच. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालाचे परिच्छेद सापडले होते. अशी नक्कल माणसाच्या नजरेवर सोडायची गरज नाही. सगळे अहवाल शोधता येण्याजोग्या मजकुरात आले, तर नवा अहवाल चढताच जुन्यांशी तुलना होऊ शकते. सल्लागारांना राष्ट्रीय मान्यता बंधनकारक आहे आणि बाराव्या प्रकरणात त्यांची नावं असतात, तेव्हा जबाबदारी ठरवणंही अवघड नाही.

जीवसृष्टीच्या नोंदींत अडचण वेगळी आहे आणि ती तंत्रज्ञानाने सुटणारी नाही. पावसाळा वगळून केलेल्या एका हंगामाच्या पाहणीत सड्यावरच्या (कातळी पठारावरच्या) पावसाळी वनस्पती आणि बेडूक दिसणारच नाहीत. मार्चमध्ये कोरडा ठणठणीत दिसणारा कातळ ऑगस्टमध्ये फुललेला असतो. पाहणीची तारीख आणि प्रत्येक नोंदीची जागा वेगळ्या रकान्यांत सक्तीने भरायला लावली, तर निदान ‘प्रजाती आढळली नाही’ याचा अर्थ ‘त्या महिन्यात पाहिली नाही’ एवढाच, हे समितीला स्पष्ट दिसेल.

गावात प्रकल्प येत असेल तर

‘ट्रॅक युअर प्रपोजल’मध्ये लॉगिन न करता राज्य, क्षेत्र किंवा प्रस्ताव क्रमांकाने शोधता येतं. क्रमांकावरून बरंच कळतं : आयएने सुरू होणारा प्रस्ताव केंद्राकडचा, एसआयएने सुरू होणारा राज्य प्राधिकरणाकडचा आणि एफपीने सुरू होणारा वनजमिनीचा. आधी केएमएल उतरवून नकाशावर उघडा आणि सीमा आपल्या गटाच्या किती जवळ येते ते पाहा. मग अहवाल हाती घ्या. सगळा वाचायला वेळ नसेल तर तिसरं प्रकरण (सध्याची स्थिती), चौथं (अपेक्षित परिणाम), सातवं (जनसुनावणी, धोका, पुनर्वसन) आणि दहावं (व्यवस्थापन आराखडा) एवढी तरी वाचा. गावातल्या विहिरी, पाझर तलाव, पाणंद रस्ते यांची यादी स्वतः करा आणि तिसऱ्या प्रकरणाशी ताडून पाहा. त्यात नसलेली विहीर हा सुनावणीत मांडायचा सर्वांत भक्कम मुद्दा असतो.

भाषेची अडचण मात्र मोठी आहे. अधिसूचनेप्रमाणे स्थानिक भाषेत द्यावा लागतो तो फक्त सारांश. शेकडो पानांचा पूर्ण अहवाल इंग्रजीत असतो. सारांशात बहुतेक वेळा आकडे कमी आणि आश्वासनं जास्त असतात. २०२० च्या नव्या अधिसूचनेच्या मसुद्याच्या वेळी दिल्ली उच्च न्यायालयाने भारतीय भाषांत भाषांतर करायला सांगितलं होतं. प्रकल्पांच्या अहवालांना तो नियम अजून लागू नाही. निदान तिसरं, चौथं आणि दहावं प्रकरण मराठीत मिळायला हवं. शिवाय सुनावणीची इतिवृत्तं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप होऊन स्कॅन होतात, त्यामुळे स्वतःच्या गावाचं नाव शोधलं तरी सापडत नाही. युनिकोडमध्ये टाइप केलेली फाइल तशीच चढवायला वेगळा खर्च लागत नाही.

जनसुनावणी अजून कागदावर आणि मांडवात होते आणि ती तशीच राहावी असं आम्हाला वाटतं. प्रदूषण नियंत्रण मंडळाने किमान ३० दिवसांची सूचना एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक दैनिकात द्यायची, अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी वाचायला ठेवायचा, सुनावणीचं चित्रीकरण करायचं आणि ४५ दिवसांत सगळं आटोपायचं. इथे डिजिटल भर हवी ती सूचनेसाठी : दैनिकातल्या जाहिरातीबरोबर परिवेशवर तारीख, ठिकाण आणि थेट दुवा, आणि परिसरातल्या ग्रामपंचायतींना संदेश. लेखी हरकत मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात देता येते. पोच घ्या आणि अंतिम अहवाल चढल्यावर सातव्या प्रकरणात ती आली आहे का ते तपासा.

मंजुरीपत्र ऑनलाइन निघतं, त्यावर ओळख क्रमांक आणि क्यूआर कोड असतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे. पुरेसं कारण दाखवलं तर आणखी जास्तीत जास्त ६० दिवस मिळू शकतात, त्यापुढे नाही. म्हणून निर्णयाच्या सुमाराला पोर्टल रोज पाहावं आणि पत्र दिसताच त्या दिवसाची प्रत जपून ठेवावी.

मंजुरीनंतर

प्रकल्पकर्त्याने दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल द्यायचा असतो. महाराष्ट्रासाठी मंत्रालयाचं प्रादेशिक कार्यालय नागपूरला आहे. हा अहवालही ऑनलाइन येतो, पण तोही मजकूर म्हणूनच : एका बाजूला अट, दुसऱ्या बाजूला ‘पालन केलं जात आहे’. सतत मोजमाप करणाऱ्या यंत्रांचे धुराड्याचे आकडे प्रदूषण नियंत्रण मंडळांकडे जातात आणि मंजुरीची अट परिवेशवर असते. दोन्ही जोडलेले नाहीत. अटीत धुळीची मर्यादा ३० मिलिग्रॅम लिहिलेली असेल, तर ती संख्या म्हणून साठवावी आणि यंत्राची नोंद तिच्यासमोर ठेवावी. मर्यादा ओलांडली की नागपूरच्या कार्यालयाला, जिल्ह्याच्या मंडळाला आणि गावाला एकाच वेळी दिसायला हवं. तोवर मंजुरीपत्रातल्या अटींचे क्रमांक घेऊन, एकेका अटीमागे मोजमापाची मूळ नोंद माहिती अधिकारात मागावी. ‘पालन केलं जात आहे’ हे उत्तर तिथे चालत नाही.